पोटऱ्यांतले किडे

समोरच्या ओट्यावर शेजारीण पालथी पडली आहे आणि तिची नात भिंतीला धरून तिच्या पोटऱ्या तुडवते आहे. "आजी, पुरे?" "अगं, आत्ता तर चढलीस!" दोघी हसताहेत.

माझ्या सासूबाईही रोज संध्याकाळी मला पाय तुडवायला सांगत. म्हणत, "दुखत नाहीत गं, आत किडे वळवळतात. बसूच देत नाहीत." मी म्हणायची, "माझ्या स्वयंपाकाच्या वेळेलाच बरे वळवळतात!" सुनेला राबवायची सोंगं आहेत, असं सांगून मी नळावर बायकांना हसवायची.

साठीनंतर तेच किडे माझ्या पायांत आले. जरा टेकलं की सुरू, उठून चाललं की बंद. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लोह कमी निघालं. गोळ्या घेतल्या आणि दोन-तीन महिन्यांत पाय गप्प झाले. माझ्यापुरतं इतकं सोपं निघालं. सासूबाईंना मात्र मी कधी दवाखान्यात नेलंच नाही.

शेवटच्या वर्षी त्यांनी सांगणं सोडलं. अंगणात एकट्याच येरझाऱ्या घालत राहायच्या. मी खुशीत होते. म्हटलं, सोंग उघडं पडलं एकदाचं.