मावसाजींची मोटार

जगात कुणाचंच ऐकायचं नाही, असं ठरवूनच माझे मावसाजी जन्माला आले असावेत. सुईणीनं पाठीवर चापट मारली तरी ते रडले नाहीत, असं त्यांची आईच सांगे. वैद्यांनी वांगं वर्ज्य केलं, तर नेमकी वैद्यांची घरी परतायची वेळ साधून ते भरल्या वांग्यांचं ताट घेऊन ओट्यावर बसत आणि वरून "या जेवाले!" म्हणत.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी पुलगावात मास्तर होतो. मावसाजींचं घर तिथल्याच एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून, आणि दारात त्यांची जुनी मोटार. तिचा रंग कांद्याच्या सालीसारखा सुटे. पांढरं धोतर नेसून बसलेला माणूस उतरताना ठिपक्यांचा होऊन उतरे. त्या उन्हाळ्यात त्यांची लेक सुमन मॅट्रिक झाली आणि वर्ध्याच्या कॉलेजात जाते म्हणाली. घराण्यात मुलगी अशी कधी बाहेर गेली नव्हती. मावसाजींचे थोरले भाऊ ओट्यावर येऊन म्हणाले, "तुह्या मोटारीचा रंग टिकत नाई, पोरीची जिद्द किती टिकन?"

"दोन्ही टिकतीन, दादा. पाहजा. याच मोटारीत बसवून नेतो तिले."

दुसऱ्याच दिवशी अंगणात खरवडणं सुरू झालं. नागपूरहून कारागीर बोलवा, असं मी सुचवलं. "फळा पुसाले तू कारागीर बोलावतं का?" एवढंच उत्तर मिळालं. चार दिवस घासून त्यांनी मोठ्या हौसेनं हिरवा रंग लावला. तोच जिनिंगकडून वारा सुटला आणि उडती रुई ओल्या रंगावर येऊन बसली. मोटारीला मेंढीसारखी लोकर आली. सारा मोहल्ला पाहायला जमला. थोरले भाऊ म्हणाले, "कातरून घे, घोंगडी होईन!"

"होऊ द्या, थंडीत तुम्हालेच देतो," असं म्हणून मावसाजींनी पुन्हा सगळी मोटार खरवडायला घेतली. मग मावशी उठली. उडती रुई अडवायला घरातली सगळी लुगडी भिजवून तिनं मोटारीभोवती कनातीसारखी बांधली. "डाग पडले त पडले," ती म्हणाली, "पोरगी जाईन." त्या आठवड्यात ती एकाच लुगड्यावर राहिली.

रंग बसला. नांगरलेल्या शेतासारखे कुंचल्याचे तास दिसत होते, पण बसला. निघायच्या दिवशी थोरल्या भावांनी दारावर बोट घासून पाहिलं. बोट कोरडंच राहिलं. "जाय पोरी," ते पुटपुटले.

मीही सोबत गेलो होतो. सुमन वसतिगृहात शिरली ती मागे न पाहता. परतताना देवळीजवळ मावसाजींनी मोटार थांबवली आणि खाली उतरून मला म्हणाले, "तू चालव जरा. रस्ता नीट दिसत नाई."

मला मोटार चालवता येत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग रस्त्याकडेच्या बाभळीखाली आम्ही दोघं त्यांना रस्ता पुन्हा दिसू लागेपर्यंत बसलो.