गोल मोडून केलेली रांग

जालन्यातल्या एका दालमिलमध्ये मी सुपरवायझर म्हणून लागलो, ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. डिप्लोमा नवा होता, मनगटावर घड्याळ होतं, आणि जिकडे बघावं तिकडे मला वाया जाणारी मिनिटंच दिसत होती.

पहिली सुधारणा चांगली झाली, हे आजही म्हणतो. भरडलेली डाळ पोत्यांत भरून गोदामात जायची, तिथून निवडायला बाहेर यायची आणि पुन्हा आत जायची. हमालांच्या पाठीवर तेच ओझं तीनदा. मी निवडणीची जागा चाळणीला लागून आणली. हमाल खूश, शेठही खूश.

दुसरी सुधारणा माझी नव्हतीच. निवडणीला अकरा बायका होत्या. त्यातली सगळ्यांत म्हातारी टेंभुर्णीकडची, दुष्काळात गाव सोडून आलेली, मस्तगडाजवळ खोली करून एकटीच राहायची. सगळ्या तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. एक दिवस तीच म्हणाली, "सायेब, आम्हाला पूर्वेच्या दाराकडं बसवा. उजेड बराबर येतो तिथं."

मी बसवलं. काम खरोखर भराभर होऊ लागलं. शेठना मात्र ती कल्पना माझीच म्हणून सांगितली. मावशीला उजेड एवढा का हवा होता, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तिसरी सुधारणा पूर्णपणे माझी. बायका गोल करून बसत. मधे एकच ढीग, निवडलेली डाळही एकाच टोपलीत, आणि तोंडं अखंड चालू. कुणाचं काम कसं, कळायला मार्ग नव्हता. मी गोल मोडला. भिंतीकडे तोंड करून रांग लावली. प्रत्येकीला वेगळा ढीग, वेगळी टोपली, टोपलीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला. जिच्या टोपलीत खडे निघतील तिचं काम बंद, असा नियमही केला.

"मंग आता भिंतीशी बोलायचं का?" एक तरणी बाई म्हणाली.

"भिंत तुझ्या नवऱ्यापेक्षा बरी. ऐकून तरी घेती," दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. "सायेब, गोलच राहू द्या की. इतके दिवस एक तरी खडा बाहेर गेला का?"

"मावशी, ज्याचं काम त्याच्या नावावर. यात तुमचाच फायदा आहे," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी मी प्रत्येक टोपलीतली मूठभर डाळ थाळीत पसरून पाहिली. सात नंबरच्या मुठीत पाच खडे निघाले. सात नंबर मावशीचा.

"माझ्यातले असतील ते," तरणी बाई पटकन म्हणाली.

"न्हाई, माझ्या सुपातले उडाले," पलीकडची म्हणाली.

मी बिल्ल्यावर बोट ठेवून दोघींना गप्प केलं. तेव्हाही मला जिंकल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, हे मला मग कळलं. गोलात असताना शेजारच्या दोघी बोलता बोलता तिच्या सुपातून पुन्हा बोटं फिरवत. माझ्या रांगेत कुणाचा हात कुणापर्यंत पोहोचत नव्हता.

तरणी बाई माझ्या मागे बाहेर आली. "तिला वाळवणावर टाका, सायेब. तूर उन्हात पायानं तर फिरवायची. तिथं डोळ्यांचं काय काम?"

तिचं म्हणणं बिलकुल बरोबर होतं. वाळवणावर माणूस हवंच होतं. पण शेठ नुकतेच पाहुण्यांसमोर माझ्या पद्धतीचं कौतुक करत होते. त्यांनी विचारलं, "सात नंबरचं काय करायचं?" एकीसाठी सवलत मागितली तर पद्धत कच्ची दिसेल, असं मला वाटलं. मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखाच ठेवू."

शनिवारी मावशीचं काम सुटलं. जाताना तिने बिल्ला पदराने पुसून माझ्या हातात दिला. "दुसरीला लागंल," म्हणाली.

त्यानंतर निवडणीच्या जागेत फक्त सुपांचा आवाज यायचा. चार महिने मी तो ऐकला. मग एका सकाळी शेठना मावशीबद्दल आणि वाळवणाबद्दल सांगून टाकलं. ते चहा पीत होते. म्हणाले, "तेव्हाच बोलायचं होतं. आणा की तिला." एवढंच. ज्या वाक्याला मी घाबरलो होतो, त्याने त्यांच्या चहाचा घोटही थांबला नाही.

ती अंबडला लेकीकडे गेल्याचं बायकांकडून कळलं. रविवारी एसटीने गेलो. ती दारात उन्हात बसली होती, मांडीवर डाळीचं ताट. बोटांनी चाचपून निवडत होती.

"मावशी, मी मिलमधला."

"घड्याळवाले सायेब व्हय? या."

मी वाळवणाच्या कामाचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आता मोरीपर्यंत जायचं तर लेकीचा हात धरून जाते. उन्हाळ्यात बोलावलं असतं तर आले असते हो." आवाजात राग नव्हता. "बाया बोलतात का आता?"

"बोलतात," मी खोटं बोललो.

ती पुन्हा ताटात बोटं फिरवू लागली. एक दाणा वेगळा काढून तिने हात माझ्यापुढे केला. "बघा बरं, खडाच हाये ना?"

डाळीचाच दाणा होता, कोपरा मोडलेला.

"हो मावशी," मी म्हणालो, "खडाच आहे."

तिने तो अंगणात लांब फेकला आणि पुढचा शोधू लागली.