आमच्या साडूंचा आवाज

आमच्या आर्णीत ज्यांच्या आवाजाशिवाय आजवर कोणी निवडून आलेलं नाही, कोणी पडलेलं नाही आणि खरं सांगायचं तर कोणी धड मेलेलंही नाही, असे एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझे साडू आहेत. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा अनाउन्सिंगचा. ऑटोच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटवर बॅटरी आणि अँप्लिफायर, हँडलला तारेने बांधलेला माइक आणि त्या माइकमागे साडू. साड्यांचा सेल, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, डोळेतपासणीचं शिबिर, हरवलेली म्हैस, अंत्ययात्रा, सगळं आधी त्यांच्या तोंडून बाहेर पडतं आणि मग गावात घडतं. आवाज असा भरदार, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, सहा फुटांचा, मिशीवाला कोणी सरदार येतोय. प्रत्यक्षात ऑटोतून उतरतात ते हडकुळे, स्वेटरच्या बाह्या दुमडलेले, चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेले आमचे साडू. दारव्ह्याकडचे एक पुढारी एकदा त्यांना भेटायला मुद्दाम आले, त्यांच्याशीच दहा मिनिटं बोलले आणि शेवटी म्हणाले, "ते ठीक आहे, पण अनाउन्सर कधी येतील?"

इतकी वर्षं माइकमागे काढल्याने त्यांची बोलण्याची भाषा दोन तुकड्यांत विभागली गेली आहे. माइकवर ते छापील पुस्तकासारखं बोलतात आणि माइक बंद झाला की वऱ्हाडीत येतात. गोंधळ होतो तो घरी. जेवताना पोळी हवी असली की ते ताट सरकवून म्हणतात, "तमाम भगिनींना नम्र विनंती, की आपण आपली एक बहुमोल पोळी या ताटालाच द्यावी." आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून शांतपणे सांगतात, "मतदान संपलं."

निवडणूक आली की साडू सगळ्यांचे. सकाळी ते एका उमेदवाराला निवडून आणतात, दुपारी जेवून उठले की त्याच उमेदवाराला पाडतात, आणि उन्हं कलली की एखाद्या अपक्षासाठी 'फक्त एक संधी' मागतात. त्यांच्याकडे विशेषणांचा साठा आहे आणि तो ते रेशनसारखा वाटतात. एका वर्षी एकाच वॉर्डातल्या दोघांना 'कार्यसम्राट' हवं होतं. दोघंही हटून बसले. साडूंनी एकाला बारापर्यंत कार्यसम्राट केलं, दुसऱ्याला बारानंतर. आमच्या वॉर्डातले भाऊ म्हणजे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. मागच्या खेपेला भाऊ एका पक्षात होते, मधल्या काळात दुसऱ्यात जाऊन आले आणि यंदा तिसऱ्यात. साडूंनी मागचंच रेकॉर्डिंग काढलं, पक्षाचं नाव बदललं आणि वाजवायला लागले. मला म्हणाले, "बाकी सारं तसंच ठेवलं, गुरुजी. फक्त 'एकनिष्ठ' तेवढं काढलं. थे आता मी कोनालेच लावत नाई. लोक हासतेत."

मात्र एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. विशेषण कितीही मागा, शिवी मागायची नाही. विरोधी उमेदवाराचं नावसुद्धा ते घेत नाहीत. "मी नाव दोघाचंच घेतो," ते म्हणतात, "ज्यानं बोलावलं त्याचं, आन जो गेला त्याचं."

संध्याकाळी सातला ताईंची मालिका लागते आणि आठला साडूंची वृत्तवाहिनीवरची चर्चा. ती ते आवाज पूर्ण बंद करून बघतात. ओरडणाऱ्या अँकरच्या मानेच्या शिरा बघून त्यांचा जीव कळवळतो. "याले कोनी खडीसाखर द्या रे," असं ते टीव्हीला सांगतात. मालिका आणि चर्चा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना मान्य नाही. दोन्हीकडे तीच ती माणसं, दोन्हीकडे रोज कोणीतरी घर फोडतं आणि दोन्हीकडे जाहिरात संपली की सगळे पुन्हा नीट आपापल्या जागी बसलेले असतात. "फरक एवढाच हाय," ते एकदा म्हणाले, "हिच्या सिरियलीतल्या सासूले शेवटी पश्चात्ताप होते."

गेल्या गणपतीत कोणीतरी त्यांचं 'बंधू आणि भगिनींनो, कान देऊन ऐका' हे वाक्य डीजेच्या ठेक्यात बसवलं. चौकात पोरं त्यावर तासभर नाचली. साडू बाजूला उभे राहून बघत होते. "एवढे वर्सं कान देऊन ऐका म्हनलं तं कोनी थांबलं नाई, आता नाचून राह्यले," असं म्हणून त्यांनी मान हलवली. पण घरी आल्यावर ताईंच्या मोबाइलवर ते त्यांनी सात वेळा लावलं. हे मला ताईंनी सांगितलं.

आता जे सांगायचं आहे ते नगरपरिषदेच्या यंदाच्या निवडणुकीतलं. आमच्या वॉर्डात भाऊंच्या विरोधात सिस्टर उभ्या राहिल्या. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. अर्ध्या वॉर्डाला जन्मताना त्यांनी पहिलं रडवलेलं आणि उरलेल्या अर्ध्याला सुया टोचलेल्या. अपक्ष, चिन्ह शिट्टी. त्या साडूंकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला विशेषण नको. फक्त सिस्टर म्हणा." साडूंना दोन दिवस चैन पडली नाही. विशेषणाशिवाय उमेदवार रस्त्यावर काढायचा म्हणजे माणसाला बनियनवर लग्नाला पाठवण्यासारखं त्यांना वाटत होतं. पण त्यांनी ते केलं, आणि गंमत म्हणजे तेच लोकांना आवडलं. भाऊंच्या माणसांना मात्र घाम फुटायला लागला.

प्रचाराचा शेवटचा दिवस रविवार होता. आम्ही दोघं साडूंकडे जेवायला होतो. तुरीच्या हिरव्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर. साडूंनी घास तोंडात घातला आणि त्याच वेळी रस्त्यावरून त्यांचा आवाज आला.

"बंधू आणि भगिनींनो, कान देऊन ऐका. आपल्या सर्वांच्या लाडक्या सिस्टर यांनी आपली उमेदवारी मागे घेऊन कार्यसम्राट भाऊंना जाहीर पाठिंबा दिला आहे."

आम्ही तिघंही साडूंच्या तोंडाकडे बघत राहिलो. ते तोंड घासाने भरलेलं होतं आणि आवाज कोपऱ्यावरून वळत होता. तोच भरदारपणा, 'लाडक्या'वर तोच हेलकावा. ताई हळूच म्हणाल्या, "हे तुमी कवा बोल्ले?"

घास गिळून साडू म्हणाले, "मी नाई बोललो."

"आवाज तं तुमचाच हाय."

"आवाज मायाच हाय," साडू म्हणाले. "पन मी नाई बोललो."

जुन्या रेकॉर्डिंगवरून हवं ते बोलून घेणारी काही तरी मोबाइलवरची सोय आहे, हे मी वाचलं होतं. ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे आता मी नसलो तरी चालते?"

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या. रागाने नव्हे, दमून. उंबऱ्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "दादा, तुम्ही मला निवडणुकीतून बसवलं. मला आधी सांगायचं तरी." साडूंनी उठून त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. शेवटी ताईच म्हणाल्या, "सिस्टर, हे इथं जेवत होते. ताटातली भाकर पाहा. अर्धीच खाल्ली आहे." सिस्टरांनी ताट पाहिलं, साडूंचा चेहरा पाहिला आणि खुर्चीवर बसल्या.

साडूंनी ऑटो काढला. वॉर्डात शिरून माइक सुरू केला, "बंधू आणि भगिनींनो, मघाशी आपण ऐकलेला आवाज माझा नाही. हा आवाज माझा आहे. सिस्टर उभ्याच आहेत." समोरून तो दुसरा ऑटो आला आणि त्याच आवाजात सिस्टरांचे आभार मानत निघून गेला. पानठेल्यावरची माणसं खूश झाली. एक जण म्हणाला, "दोन्हीकडूनही तुमीच? मागच्या निवडणुकीत हेच तं करत होते." बाकीचे हसले. साडू हसले नाहीत. सर्वांसाठी सारखंच बोलत आलेल्या माणसाचं कोणतं बोलणं खरं धरायचं, हा प्रश्न त्यांना त्या पानठेल्यासमोर पहिल्यांदा पडला असावा. त्यांनी माइक बंद केला, ऑटो कडेला लावला आणि पायी निघाले.

मला निवडणुकीची ड्युटी लागलेली होती, त्यामुळे मी निष्पक्ष होतो, म्हणजे घाबरलो होतो. भाजी आणायला निघाल्यासारखी पिशवी हातात घेऊन मी त्यांच्या मागे पन्नास पावलं चालत राहिलो.

भोंग्याशिवायचा त्यांचा आवाज वॉर्डाने कधी ऐकलाच नव्हता. तो बारीक निघाला, जरा अडखळणारा. पहिल्याच दारात एका म्हातारीने त्यांना विचारलं, "तू कोन होय?"

"मी थोच, भोंगेवाला."

"थ्याचा आवाज असा नाई."

साडू दाराजवळ सरकले. मग म्हणाले, "आजी, आबा गेले तवा मी गावात सांगतलं होतं. तुमच्या पोरानं कागदावर नाव चुकीचं लिहून देल्लं होतं, आठवते? बाजारापर्यंत गेलतो मी. मंग परत आलो आन पुन्हा पयल्या चौकापासून सुरू केलं. आबाचं नाव चुकीचं जाऊ देल्लं नाई."

म्हातारीने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाली, "आत ये. पानी पे."

त्यानंतर दारोदार तेच चाललं. याची म्हैस लोणबेहळच्या रस्त्याला सापडली होती, एकीच्या लग्नाची वरात निघायची वेळ बदलली होती, त्याच्या मुलाला रक्त हवं होतं आणि तासाभरात नऊ जण दवाखान्यात पोचले होते. कोणाच्या दारात काय घडलं होतं हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. सिस्टरांबद्दल ते शेवटी एकच वाक्य बोलत, "त्या उभ्या हायेत," आणि पुढच्या दाराकडे वळत. मत द्या असं ते कोणालाच म्हणाले नाहीत. संध्याकाळी प्रचार थांबला तेव्हा पाच गल्ल्या झाल्या होत्या आणि दोन राहिल्या होत्या. त्यांचा घसा पार बसला होता.

सिस्टर पडल्या. फार नाही, थोड्याच मतांनी. त्या थोड्या मतांचा हिशेब साडूंनी त्या राहिलेल्या दोन गल्ल्यांशी जुळवला आणि तो त्यांच्या डोक्यातून कोणी काढू शकलं नाही. तक्रारीचा अर्ज आम्ही दिला होता. त्याची पोच मिळाली, ती ताईंनी लग्नपत्रिकांच्या डब्यात ठेवली आहे. भाऊंना कोणी विचारलं तर ते म्हणतात, कार्यकर्त्यांचा उत्साह होता.

विजयाच्या मिरवणुकीसाठी भाऊंचा निरोप आला. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या उमेदवाराला नाही म्हटलं, तेही घसा बसल्याचं कारण सांगून. मिरवणूक दारावरून गेली ती त्यांच्याच आवाजात. साडू ओट्यावर बसून ऐकत होते. "श्वास घेत नाई तो," एवढंच म्हणाले. "एवढं मोठं वाक्य, आन मंधात श्वासच नाई."

त्याच दिवशी दुपारी सिस्टर आल्या. पडलेल्या उमेदवारासारख्या नव्हे, नर्ससारख्या. साडूंना उजेडात बसवून टॉर्चने त्यांचा घसा बघितला, मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि आठ दिवस बोलू नका म्हणाल्या. साडू खुणेने काहीतरी सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. गप्प बसा."

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. ताई म्हणाल्या, घर फार मोठं वाटायला लागलं आहे. आता साडू पुन्हा निघतात, पण निवडणुकीचं काम घेत नाहीत आणि भाऊंची माणसं विचारायला आली तरी फारसा आग्रह करत नाहीत. त्यांचं काम आता साडूंशिवाय होतं. साडूंचा आवाजही पूर्वीसारखा राहिलेला नाही. मधेच फाटतो, 'शिबिर' म्हणताना खाली बसतो. एक नवीनच गोष्ट मात्र झाली आहे. रस्त्यावरून तो आवाज आला, की माणसं दारात येऊन ऑटोत कोण बसलं आहे ते वाकून बघतात. साडूंना ते माहीत आहे. ते चौकात थांबतात, उतरतात, सगळ्यांना दिसेल असे उभे राहतात आणि मगच बोलतात.

परवा सकाळी मी शाळेला निघालो होतो. पाइपलाइन फुटल्याने दोन दिवस नळ येणार नाहीत, असं सांगत त्यांचा ऑटो आमच्या गल्लीत आला. मी फाटकाशी थांबलो. त्यांनी माइक बंद केला, खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि त्या बारीक, घरच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, पानी भरून ठेवा बरं."