भिंतीपलीकडे ऐकू गेलेली कादंबरी

आधीच सांगते, भूतपिशाच्च वगैरे मी मानत नाही. तिन्हीसांजेला चिंचेखालून जाऊ नको म्हणणाऱ्या सासूबाईंना चिडवायला मी मुद्दाम तिथूनच जायची. या ग्रुपवरचे लोकांचे अनुभव वाचते तेही हसायला. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही.

आमचं घर रत्नागिरीत, नाचणे रोडला, दुसऱ्या मजल्यावर. हे जाऊन वर्ष होऊन गेलं. मुलगा बंगळुरूला. शेजारी सकिना — मूळची पूर्णगडची, नवरा दोह्याला. हे गेल्यानंतर ती इथे राहायला आली, म्हणजे यांचा आवाज तिनं कधी ऐकलेला नाही. तिचं आणि माझं स्वयंपाकघर एकाच भिंतीला लागून.

देवरूखच्या बहिणीनं एक कादंबरी पाठवली. "वाच, जरा मोकळी होशील." नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला! नवरा होडी घेऊन समुद्रावर गेलेला, त्याचा पत्ता नाही, आणि मागे वाट बघणारी बायको. सुरुवातीला मला रागच आला. ही बाई रडते तेसुद्धा कसं, देखणं! अहो, खरं रडताना नाक गळतं, पुसायला पदर सापडत नाही... पण एका ठिकाणी ती पलंगावर नवऱ्याच्या बाजूला झोपायला लागते. म्हणजे मग रिकामी राहते ती आपली बाजू. तिथे मी पुस्तक मिटलं. कारण मीही तेच करत होते, आणि कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

हो, मोठ्यानं वाचायचे मी. दुपारी घर खायला उठतं, आपला का होईना, आवाज हवा. त्या दिवशी पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून, कुलूप लावून मी बाजारात गेले. परत आले तर जिन्यात सकिना.

"काकी, पाव्हणे आलेत काय तुमच्याकडे? काय छान वाचतात! त्या बाईचा नवरा परत आला ना, मला तर रडूच फुटलं. भाकरी करपली माझी."

"कोण पाव्हणे? नि कसला परत येतोय तो?"

"आला ना! होडी लागली, हा दारात उभा, नि ती म्हणते, आधी आंघोळ करा, मासळीचा वास येतोय. आधी तुम्ही वाचत होतात, मग ते वाचायला लागले. मधे मधे खाकरत होते."

कुलूप जसंच्या तसं. घरात कोणी नाही. पुस्तक उघडून पुढचं पान बघितलं — होडी परत येत नाही. किनाऱ्याला तिच्या फळ्या येतात फक्त. आंघोळीचा तर शब्दही नाही.

वाचणारा कोण ते मी ओळखलं. कसं ते सांगते. मी स्वयंपाक करत असताना हे मला कादंबऱ्या वाचून दाखवायचे, आणि दुःखाचं पान आलं की चक्क बदलून टाकायचे! एकदा असंच एक पुस्तक नंतर मी स्वतः वाचलं, तर यांनी जिचं चिपळूणला थाटात लग्न लावून दिलं होतं, ती पोरगी अर्ध्या पुस्तकातच मेलेली. कडाकडा भांडले मी. तर म्हणाले, "अगो, विळीवर बसून रडतेस, हात कापून घेशील." ही गोष्ट आमच्या दोघांतली. मुलालाही माहीत नाही.

मग कितीतरी दुपारी मी पुस्तक उघडं ठेवून जवळ बसून राहिले. काही नाही. शेवटी एकदा ते तसंच ठेवून सकिनाकडे गेले. ती मासे साफ करत होती. मध्येच तिचे हात थांबले.

"सुरू झालं," ती म्हणाली.

मी भिंतीला कान लावला. गार टाइल. खालून रिक्षा गेली, तेवढी ऐकू आली.

"काय म्हणतायत गो?"

"ती म्हणते, तुम्ही नव्हतात तेव्हा मी तुमच्या बाजूला झोपायचे. तो म्हणतो, मला माहितेय..." सकिनानं माझ्याकडे बघितलं. "काकी, खरंच नाही ऐकू येत? इतकं स्पष्ट तर आहे!"

नाही आलं. हेवा वाटला मला त्या पोरीचा, खोटं कशाला बोलू. कानाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. कान ठणठणीत आहेत म्हणे. बहीण म्हणते, मनाचे खेळ. असतील. पण माझ्या मनाचे खेळ सकिनाला कसे ऐकू येतात? तेव्हापासून रोज दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसते. ती ऐकते आणि मला सांगते.

परवा सकिनाचा नवऱ्याकडे जायचा व्हिसा आला. धावत सांगायला आली. मी तिच्या हातावर साखर ठेवली, तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली, आणि दार लावून घेऊन पोटभर रडले. ती गेली तरी हे दुपारचे वाचत बसतीलच, जन्माची सवय ती. पण जिच्यासाठी वाचतात तिला काही ऐकू येत नाही, हे त्यांना सांगणार कोण?