परीक्षा विभागातला सीडी-ड्राइव्ह

ऋता तिसऱ्यांदा सीडी परत घेऊन आली तेव्हा शरदिनीबाई गंगेकाठी दुर्गाघाटावरच्या आपल्या खोलीत बटाटे सोलत बसल्या होत्या. भाचीचा पडलेला चेहरा बघून त्यांनी सुरी खाली ठेवली.

"काय म्हणाला तो बाबू?"

"सीडी खराब आहे म्हणाला. दुसरी बनवून आण."

"तिन्ही खराब?"

"हो म्हणे."

"आणि त्याचं डोकं? ते तपासलंस का कुणाकडून?"

ऋताला हसू आलं नाही. चार वर्षं गंगेच्या पाण्यातल्या शेवाळावर काम करून तिने प्रबंध लिहिला होता. छापील प्रती, सह्या, शिक्के, सगळं झालं होतं. पण विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रबंधाची सीडीही द्यावी लागते, आणि परीक्षा विभागातले विश्वजीत बाबू ती घेत नव्हते. खरं तर बाकीच्यांच्या सीड्या ते न बघताच घेत. ऋताने पहिल्याच दिवशी भोळेपणाने म्हटलं होतं, "सर, एक बार चलाके देख लीजिए ना." त्यांनी सीडी मशीनमध्ये घातली, काही दिसलं नाही, आणि तिथून पोरीचे हेलपाटे सुरू झाले.

"उद्या मी येते," शरदिनीबाई म्हणाल्या.

"आत्या, प्लीज! तिथं काही बोलू नको हं. माझा वायव्हा त्याच माणसाच्या हातात आहे."

शरदिनी मोघे तेव्हा सासष्ट वर्षांच्या होत्या. वडील पंचगंगा घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं चालवत. मुलीने बँकेत नोकरी धरली, लग्न केलं नाही, आणि घरातल्या कुणाला त्याबद्दल दोनदा विचारू दिलं नाही. एक्क्याण्णव साली बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून कुणीतरी लखनौला शिकायला जायचं होतं. पुरुषांपैकी एकाची आई आजारी पडली, दुसऱ्याला पाठदुखी सुरू झाली, तिसरा म्हणाला की टाइपिंग हे बायकांचं काम. शरदिनीबाई गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्या शाखेत मशीन समजणारं माणूस एकच होतं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मॅनेजरसाहेबांनी कॉम्प्युटरची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं आणि मोठ्या भक्तीने फ्लॉपीच्या फटीतून चिमूटभर अक्षता आत सोडल्या. मशीन दोन दिवस बंद राहिलं. "देवीजी, आपने क्या दबा दिया?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. शरदिनीबाईंनी चिमट्याने एकेक तांदूळ बाहेर काढला आणि साहेबांच्या टेबलावर कागदावर मांडून ठेवला. साहेबांनी वरच्या कार्यालयाला कळवलं की बिघाड आपण स्वतः दूर केला.

पुढची सव्वीस वर्षं कॅप्स लॉकचं बटण दाबून बसलेल्या आणि पासवर्ड चुकतो म्हणून मशीनला शिव्या घालणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये गेली. निवृत्तीच्या समारंभात त्यांना शाल देऊन "हमारी टाइपिस्ट बहनजी" म्हटलं गेलं. शाल त्यांनी तिथंच खुर्चीवर सोडली.

दुसऱ्या दिवशी आत्या-भाची गल्ल्यांतून मैदागिनच्या चौकापर्यंत चालत आल्या आणि टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, करून विद्यापीठात पोचल्या. विश्वजीत बाबू मोबाइलवर कुस्ती बघत होते. गालात पान होतं. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "फिर वही सीडी?"

"मशीन में लगाकर दिखाइए," शरदिनीबाई म्हणाल्या.

"अम्मा, इसमें कुछ है ही नहीं." तरी त्यांनी उपकार केल्यासारखी सीडी घातली आणि स्क्रीनकडे बोट केलं. तिथे दोनच खुणा होत्या, सी आणि डी. सीडी-ड्राइव्हची खूणच नव्हती.

शरदिनीबाईंच्या ते एका नजरेत लक्षात आलं. सीडी वाईट असती तर ड्राइव्ह तरी दिसला असता. मशीनने तो उघडायचा प्रयत्न केला असता, तक्रार केली असती. इथे मशीनला ड्राइव्ह असल्याचंच माहीत नव्हतं. हा माणूस ज्या दोषाचं खापर तीन आठवडे सीडीवर फोडत होता तो त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि दोन खुणा मोजण्याएवढेही कष्ट त्याने घेतले नव्हते.

"सीडी खराब नहीं है. आपके कंप्यूटर को ड्राइव ही नहीं दिख रही."

"एक ही बात है."

"एक बात नहीं है. उठिए."

विश्वजीत बाबूंनी आता पहिल्यांदा मान वर केली. "आप इंजीनियर हैं?"

"नहीं. पढ़ी-लिखी हूँ."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. बाबू चिडले, पण पान थुंकायला जायचंच होतं. "देख लीजिए, आप ही देख लीजिए," म्हणत ते उठून गेले.

शरदिनीबाई खुर्चीवर बसल्या. पासवर्ड शोधावा लागला नाही. तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला होता, खाली गणपतीचं चित्र. त्यांनी आधी ड्राइव्हचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, दिवा लागला, म्हणजे वीज पोचत होती. मग मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच सेटिंगचा निळा पडदा उघडला. तिथे ड्राइव्हचं नाव स्वच्छ दिसलं. वायर ठीक, ड्राइव्हही ठीक. मशीन त्याला ओळखत होतं; ओळखत नव्हतं ते विंडोज.

"आत्या, चल ना," ऋता कुजबुजली. "तो येईल."

"येऊ दे. त्याचंच काम करतेय."

विंडोजमध्ये जाऊन त्यांनी उपकरणांची यादी उघडली. ड्राइव्हच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता. कुणीतरी जुन्या विंडोजवर नवी चढवली होती, आणि सीडी बनवण्याचा एक जुना प्रोग्राम काढून टाकताना त्याच्या दोन नोंदी आत तशाच राहिल्या होत्या. नसलेल्या प्रोग्रामची वाट बघत विंडोज ड्राइव्हला अडवून धरत होतं. बँकेत शरदिनीबाईंनी हा प्रकार चार वेळा पाहिला होता. त्यांनी आधी त्या नोंदींची एक प्रत डेस्कटॉपवर जपून ठेवली, मग दोन्ही नोंदी पुसल्या आणि मशीन पुन्हा चालू केलं.

विश्वजीत बाबू परत आले तेव्हा स्क्रीनवर तिसरी खूण होती आणि ऋताचा प्रबंध उघडला होता. दोनशे बारा पानं, शेवाळाच्या फोटोंसकट. बाबूंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि पावती फाडून दिली.

ऋताने आत्याचा हात ओढला. पण शरदिनीबाईंची नजर कपाटावरच्या सीड्यांच्या चळतीवर गेली होती. प्रत्येकीवर 'जाँची गई' असा शिक्का होता.

"ये ड्राइव कब से बंद थी?"

"नवरात्र से... चैत्र वाली."

तेव्हा कार्तिक चालू होता. शरदिनीबाईंनी चळतीवरची पहिली सीडी उचलून मशीनमध्ये घातली. कोरी. दुसरीत कुणाच्या तरी लग्नातली गाणी निघाली आणि पूर्ण खोलीत बँड वाजला. बाबूंनी धावत येऊन आवाज बंद केला. तिसरी सीडी त्यांनी घालू दिली नाही. दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मैडम," ते म्हणाले. अम्मा आता मैडम झाली होती. "इसको वैसा ही कर दीजिए जैसा था."

"जैसा था, मतलब?"

"मतलब... ना दिखे. दिखेगा तो सब देखनी पड़ेंगी."

आयुष्यभर लोकांनी शरदिनीबाईंकडे मशीन दुरुस्त करून मागितलं होतं. कुणी धन्यवाद दिले नव्हते, पण मागितली होती ती दुरुस्तीच. डेस्कटॉपवरच्या प्रतीवर दोनदा क्लिक केलं की ड्राइव्ह पुन्हा दिसेनासा झाला असता. ऋता डोळ्यांनी विनवत होती, करून टाक.

"बिगाड़ना आपका काम है," शरदिनीबाई पर्स उचलत म्हणाल्या. "मुझसे अच्छा करते हैं आप."

बाहेर आल्यावर ऋता फुटली. "त्याला दुखवून काय मिळालं तुला? तू बरोबर होतीस, ते त्याला कळलं, बस झालं ना!"

"त्याला काही कळलेलं नाही. त्याला कळत असतं तर—"

"तुला फक्त जिंकायचं असतं, आत्या. मला डिग्री पाहिजे."

"चार वर्षं शेवाळ बघून तूही तशीच झालीस. बुळबुळीत."

हे बोलायला नको होतं, हे बोलताक्षणी शरदिनीबाईंना कळलं. परत घ्यायची सवय त्यांना नव्हती. ऋता तीन दिवस त्यांच्याकडे जेवायला आली नाही. खालच्या मजल्यावर आईवडिलांकडेच राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी शरदिनीबाईंना फोन आला; ऋताच्या अर्जावर त्यांचाही नंबर होता. विश्वजीत बाबू रडकुंडीला आले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने मशीनचा डबा उघडून वायरी काढल्या होत्या आणि आता मशीन चालूच होत नव्हतं. वायव्हाची सगळी पत्रं त्यातच होती.

"कौन सा तार निकाला?"

"जो-जो दिखा."

शरदिनीबाईंनी फोन कानापासून दूर धरला. मग जिना उतरून त्या भावाच्या दारात गेल्या. ऋता ओले केस पुसत उभी होती. तिच्याकडे बघत त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"सबसे चौड़ा प्लग उठाइए. बाईं तरफ़ नहीं, वो आपकी दाईं है. डरिए मत, काटेगा नहीं."

पाऊण तास हे चाललं. बाबूंना वर-खाली कळत नव्हतं, प्लगची बाजू कळत नव्हती, 'हळू' हा शब्द कळत नव्हता. शरदिनीबाई एकही वाक्य गोड बोलल्या नाहीत, पण फोनही ठेवला नाही. शेवटी पलीकडून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

"दो तार बच गए हैं, मैडम," बाबू हळूच म्हणाले. "सीडी वाले. रहने दूँ?"

ऋता पंचा हातात धरून थांबली होती.

"आपकी मर्ज़ी," शरदिनीबाई म्हणाल्या, आणि स्वतःचेच ते शब्द ऐकून त्यांना बँकेतल्या कुठल्याही साहेबाची आली नव्हती एवढी शिसारी आली.

बाराव्या दिवशी वायव्हाचं पत्र आलं. वायव्हा नीट झाला, डिग्री मिळाली. डिग्रीचा कागद घरात आला त्याच दुपारी शरदिनीबाईंनी परीक्षा नियंत्रकांना दोन पानी अर्ज लिहिला. कोऱ्या सीड्या, लग्नाची गाणी, बाबूंचं नाव, आणि दोन वायरी सुट्याच राहू दिल्या हे स्वतःचंही. ऋताने तो वाचला आणि पाकिटात घालून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून आली.

अर्जाला उत्तर आलं नाही. माघात फोन तेवढा आला. विश्वजीत बाबूंच्या घरचा प्रिंटर चालत नव्हता आणि मैडमना वेळ असेल तर त्या टोटोने येऊन जातील का, असं ते विचारत होते. शरदिनीबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि तो नंबर ब्लॉक केला.