टिटवीची पांढरी अंडी

हुकूम सोडायची मला लहानपणापासून खोड. भवानी पेठेतल्या घरी आई म्हणायची, "ही सासरी गेली की सासूच माहेरी पळून जाईल." कॉलेजात ही खोड कामाला आली. शहराबाहेरच्या तळ्याचा एक काठ तेव्हा पक्ष्यांसाठी राखून ठेवला होता, म्हणजे तशी पाटी ठोकली होती. पाटीखालीच लोक म्हशी धूत आणि घरचा कचरा आणून टाकत. आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांना पक्ष्यांचं वेड. त्यांनी आम्हा आठ मुलींची तुकडी केली. दर रविवारी सायकली हाणत जायचं आणि काठ झाडायचा. पहिल्या दिवशी तो उकिरडा बघून आम्ही नाकं मुरडली, तेव्हा सर म्हणाले, "टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. तुम्हाला तर नुसता काठ झाडायचाय." तुकडीची म्होरकी मी. मला कुणी नेमलं नव्हतं, पण हरकत घ्यायची कुणाची छातीही नव्हती.

दुसऱ्या वर्षी, चैत्र सरता सरता, खरीच टिटवी आली. काठावरच्या खड्यांत तिनं चार अंडी घातली. घरटं कसलं, नुसता खळगा. अंडी मातकट, काळ्या डागांची, दोन हातांवरूनही खडेच वाटावेत अशी. सर मला म्हणाले, "पिल्लं निघेपर्यंत ही चार तुझी जबाबदारी." मी लगेच मोठाले दगड वाहून आणले आणि खळग्याभोवती गोल रचला. कुणाचा पाय पडायला नको.

तिथं मेंढरं चारणारे एक धनगर आजोबा असायचे. गोल बघून ते खो खो हसले. "तिनं लपिवलंय ते तू कशाला दावतीस गं पोरी?"

"तुमच्या मेंढरांसाठीच केलंय, आजोबा."

"मेंढरास्नी कळतंय की. मानसांचं बग."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बी.एस्सी.च्या वर्गातली, आणि हे मला शिकवणार! मी दगड आणखी दोन वाढवले.

आठवड्याभरानं निरोप आला, वनखात्याचे मोठे साहेब काठ बघायला येताहेत. झालं! साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे सगळ्यात आधी दगडांना चुना लागतो. माणसांना प्यायला पाणी नसेना का, दगड पांढरे पाहिजेत. कॉलेजातून दोन बादल्या चुना आणि कुंचे आले. मी आईची ठेवणीतली इरकल न विचारता नेसून सकाळीच हजर. सर साहेबांना आणायला गेलेले, म्हणजे राज्य माझंच. दोघींच्या हातात कुंचे दिले आणि ओरडले, "पाटीपासून पाण्यापर्यंत एक दगड सुटता कामा नये. सुटला तर गाठ माझ्याशी आहे!" मग पलीकडे म्हशीवाल्यांशी भांडायला गेले.

परत आले तर काठ नुसता लखलखत होता. माझा गोलही. आणि गोलाच्या आत चार गोटे, पांढरेशुभ्र.

"मधले बारकेसुद्धा सोडले नाहीत," कुंचेवाली कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांतानं ओरडत होती. त्या बिचाऱ्या मुलींना काय बोलणार? हुकूम माझा, गोल माझा. मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं.

"रडतीस काय?" आजोबा धावत आले. "पूस की! वाळला म्हंजी आतला जीव गुदमरंल."

मी आईच्या इरकलीचा पदर तळ्यात बुडवला, पिळला आणि एकेक अंडं पुसायला घेतलं. टिटवी मागून येऊन टाळक्यावर झेप घ्यायची. अंबाडा सुटला, केस तोंडावर आले. "घे बाई, घे सूड," मी तिला म्हणत होते. तेवढ्यात लांबून जीप दिसली. आजोबांनी शीळ घातली आणि सगळी मेंढरं रस्त्यावर आडवी घातली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, पण मेंढरं काही हलेनात. चौथं अंडं घाईघाईत पुसलं आणि पळाले.

साहेब आले. झिंज्या सुटलेल्या, चुन्यानं माखलेल्या मला बघून त्यांनी सरांना विचारलं, "ह्या कोण?"

"आमच्या स्वच्छताप्रमुख," सर म्हणाले.

"दगड छान रंगवलेत," साहेब म्हणाले. तेवढ्यात टिटवीनं त्यांची टोपी उडवली.

टिटवी अंड्यांवर परत बसली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. घरी मात्र इरकलीवरून आईनं मला असं फैलावर घेतलं की विचारू नका. मी सरांना काही सांगितलं नाही. तीन आठवडे रोज उन्हातान्हात सायकल मारत जात होते आणि लांबूनच बघत होते. टिटवी बाकी कुणावर नुसती ओरडायची, माझ्यावर मात्र धावून यायची.

मग एके सकाळी पिल्लं निघाली. काड्यांसारख्या पायांवर आईमागं तुरुतुरु पळत होती. मोजली, तीन. पुन्हा मोजली, तीनच. खळग्यात चौथं अंडं तसंच पडलं होतं. उचलून बघितलं, तर खालच्या बाजूला रुपयाएवढा चुना राहून गेला होता. दुसऱ्या कशानंही ते बिघडलं असेल, कोण जाणे. पण मी मनातून समजले. ते हातात घेऊनच सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सर एवढंच म्हणाले, "तो गोल काढून टाक." मी एकटीनं काढला.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरे साहेब येणार होते. पुन्हा दोन बादल्या चुना आला. काठावर टिटवी पुन्हा बसली होती, कुठं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुली कुंचे घेऊन माझ्या हुकमाची वाट बघत उभ्या राहिल्या. मी दोन्ही बादल्या शेजारी शेजारी ठेवल्या, वर एक फळी टाकली आणि तिच्यावर बसले. साहेब येऊन गेले तरी उठले नाही.