मसकभर पाणी

पवनारला आमच्या ओसरीवर दर गुरुवारी मिशनची बाई विणकाम शिकवायला यायची. सुया चालू असताना ती यहुद्यांच्या जुन्या धर्मग्रंथातल्या बायकांच्या गोष्टी सांगे. तिच्या मते त्या सगळ्या देवावर भरवसा ठेवणाऱ्या; माझ्या मते बहुतेक सासरच्या कटकटीत सापडलेल्या. एकीला मूल होत नव्हतं. तिनं आपणच आपली दासी नवऱ्याला दिली. पुढं नव्वदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तशी तिनं दासीला, नवऱ्यापासून झालेल्या तिच्या लेकरासकट, घालवून दिलं. सोबत भाकरी आणि चामड्याच्या मसकीत पाणी. रानात पाणी संपलं, तेव्हा देवानं दासीला विहीर दाखवली. माझा मोजा मात्र टाचेशीच अडकला होता.

मी सोळा वर्षांची होते. त्याच महिन्यात नालवाडीहून एक बाई मला मागणी घालायला आली, आपल्याच नवऱ्यासाठी. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पहिलीनं आपल्या हातानं कुंकू लावून आणली की दुसरीशी भांडण होत नाही, असा आमच्याकडचा समज. भांडणं व्हायचीच. वडील होकार देऊन बसले होते. मला त्या घरात मुळीच जायचं नव्हतं, पण मला विचारतो कोण?

नालवाडीच्या बाईनं कुंकवाचा करंडा उघडून बोट बुडवलं. मी विचारलं, "मले हाकलसान तवा संग पानी किती देसान?"

वडील खेकसले. बाई म्हणाली, "काऊन व, असं काऊन म्हनतं?" मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली.

नव्वद ऐकून ती म्हणाली, "मले तं सव्वीसच चालू हाय."

"मंग घाई कोनाले हाय?"

"सासूले."

तिनं बोटावरचं कुंकू स्वतःच्याच कपाळाला लावलं, करंडा मिटला आणि दुपारच्या मोटारीनं परत गेली. मी आठवडाभर आपल्या हुशारीवर खूश होते.

पुढच्या उन्हाळ्यात ती आमच्या गावच्या मोटारीच्या थांब्यावर दिसली, बगलेत गाठोडं घेऊन. सासूनं दुसरीकडची मुलगी आणली होती, हिच्या कुंकवावाचून. सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून हिला घराबाहेर काढलं होतं. माहेरी चालली होती. गोष्टीत दासीला हाकलतात. इथं मालकीणच हाकलली गेली, आणि तीही माझ्या तोंडापायी. मला लाज वाटली. आजही वाटते.

मी धावत घरी जाऊन तांब्या भरून आणला. ती घटाघटा प्यायली, पदरानं तोंड पुसलं.

"तुह्या गोष्टीतल्या बाईले," ती म्हणाली, "पानी तरी देलतं."